पणजीचं माहेर कुठल्या दप्तरात सापडेल?

कोयनाकाठी

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे.

माझ्या आईच्या आईची आई, म्हणजे माझी पणजी. तिच्या नवऱ्याबद्दल आमच्याकडे ढीगभर माहिती आहे, तिच्याबद्दल जवळजवळ शून्य. पणजोबा जावळी तालुक्यातले, ११७ व्या मराठा पलटणीत शिपाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले ते १९१६ साली तिकडेच वारले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत त्यांची नोंद आहे, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट. (गावाचं इंग्रजी स्पेलिंग असं केलंय की ते आपलंच गाव आहे हे कळायला घरात परिषद भरवावी लागली.)

पुढे पणजी दोन लेकरं घेऊन मुंबईला आली, लालबागला राहिली, गिरणीत वाइंडिंग खात्यात काम केलं आणि १९४४ च्या सुमारास गेली. सासरचं नाव लक्ष्मी. माहेरचं नाव, आडनाव, गाव, काहीच कुणाला ठाऊक नाही. आई आता नव्वदीला टेकली आहे. तिला एवढंच आठवतं की तिची आजी, म्हणजे माझी पणजी, 'आमचं माहेर नदीपल्याड' म्हणायची. सासरचं गाव कोयना धरणात गेलं, त्यामुळे जाऊन विचारायला तिथं कोणी नाही.

प्रश्न असा: बाईचं माहेर कुठल्या कागदात सापडतं? की सापडतच नाही?

मोडीवेडा

ताई, धागा आवडला. गाव बुडालं तरी त्याचं दप्तर बुडत नाही, आधी हे मनाशी पक्कं करा. जुने फेरफार, नमुना १४, शेतवार पत्रकं तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये किंवा भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे असतात.

पणजोबा १९१६ ला वारले म्हणजे त्यानंतर दोन-चार वर्षांत वारसाचा फेरफार पडला असणार. त्यात साधारण असं लिहिलेलं दिसेल: 'मयत अमुक बिन तमुक यांस वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई लक्ष्मी'. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अल्पवयीन वारसाचा पालक. आता गंमत इथे आहे. आई मुंबईला निघून गेली असेल तर पालनकर्ता म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव लागलेलं असू शकतं. कधी चुलता, क्वचित मामा. मामा निघाला तर तुमचं काम झालं.

नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, गावची जन्ममृत्यूची नोंदवही. त्यात तुमच्या आजीचा जन्म सापडेल, पण बापाच्या नावाखाली. आईचं माहेर तिथे शोधू नका.

तिखटमीठ

माहेर सापडलं की तिथल्या सातबाऱ्यावर नाव लावायचं का? :)

कोयनाकाठी

@तिखटमीठ, लागलं तर तुम्हाला अर्धा गुंठा देईन, बांधाकडचा.

@मोडीवेडा, अ.पा.क. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

सदाशिवी

आमच्याकडे कुलवृत्तांत असतो त्यामुळे हा प्रश्न येत नाही. मूळ पुरुषापासून आजपर्यंत सगळी शाखानिहाय नोंद, सुनांची माहेरची आडनावंसुद्धा.

अंजनवेल

@सदाशिवी, जरा थांबा. आमचाही कुलवृत्तांत आहे आणि मी तो चाळून बसले आहे. सुनांची माहेरं आहेत, ती साधारण १८८० नंतरच्या पिढ्यांची. त्याआधी नुसतं 'पत्नी: सरस्वती'. आणि प्रत्येक दुसरी सून सरस्वती नाहीतर लक्ष्मी, कारण ती सासरची नावं. मुलींची तर त्याहून मजा. मुलगी 'अमुक यांस दिली' की वृत्तांतातून बाहेर. तिची मुलं पाहायची तर दुसऱ्या घराण्याचं पुस्तक उघडा, तिथे ती सरस्वती होऊन बसलेली.

शिवाय हे सगळं कधी होतं, तर छापायला वर्गणी देणारे शिकलेले लोक घराण्यात असतात तेव्हा. धागाकर्तीच्या पणजीला कोण वृत्तांत छापून देणार होतं?

सदाशिवी

मुद्दा मान्य. पण १८८० नंतरचं तरी आहे ना.

पाटाचं पाणी

आमच्याकडं (कागल साईडला) हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर. सुगी झाली की दारात. वही उघडून घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं धडाधडा म्हणून दाखवतात, कुठनं आलो, कुठं वस्ती केली, भाऊ कुठं फुटला. लहानपणी आम्हाला वाटायचं पैसे मागायला येतोय. आता मराठा-कुणबी नोंदींच्या वेळी सरकारच त्यांच्या वह्या बघायला लागलं तेव्हा गावाला अक्कल आली.

पण बायकांचं विचाराल तर आमच्या हेळव्यानं मला सरळ सांगितलं, "लेकी लिवत न्हाई बगा, लेकी दुसऱ्याच्या वहीत."

जावळीकडं हेळवी येतात का माहीत नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव इकडं नक्की.

विहीरकाठ

त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे जाऊन या. पहिला प्रश्न गाव आणि आडनाव, दुसरा प्रश्न नाही. नामावळीच्या वह्या गावागावांप्रमाणे लावलेल्या असतात. घरातलं कोणी सिंहस्थाला किंवा श्राद्धविधीला कधी गेलं असेल तर सही किंवा अंगठा, सोबत कोण होतं, भाऊ किती, मुलं किती, सगळं मिळतं. आमच्या वहीत माझ्या खापरपणजोबांची मोडीतली सही आहे. घरात त्यांचा एक कागद नाही, ती सही मात्र तिथे आहे.

माहेर मिळेल का? बाई स्वतः यात्रेला गेली असेल आणि लिहून घेणाऱ्या उपाध्यायांनी विचारलं असेल तर. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडेही बघा, सातारकर मंडळी तिकडे जास्त.

तिखटमीठ

वंशावळ काढणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वज पानिपतावर लढलेला असतो. सगळेच तिकडे गेले होते तर इथे शेती कोण करत होतं?

पाटाचं पाणी

@तिखटमीठ बायका करत होत्या. म्हणूनच हा धागा आहे.

अंजनवेल

@पाटाचं पाणी +१००

निवृत्त सुभेदार

पलटणीबद्दल थोडं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि मेसोपोटेमियातल्या कुत गावच्या वेढ्यात अडकल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. आत उपासमार होती, घोड्या-खेचरांचं मांस खायची पाळी आली. शरण आलेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात आणि पुढच्या कैदेत फार लोक गेले. तेव्हा ताई, यादीतली मृत्यूची तारीख नीट बघा. एप्रिलअखेरच्या आधीची असेल तर बहुधा वेढा किंवा लढाई, नंतरची असेल तर कैदेची शक्यता धरा.

बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती. फक्त हिंदी अधिकाऱ्यांची होती, शिपाई म्हणजे पलटणीपुढे नुसता आकडा. नावं वॉर ग्रेव्हज आयोगाच्या नोंदवहीत राहिली, म्हणून आज तुम्हाला सापडली. १९२२ ला पलटणींचे आकडे बदलले आणि ११७ वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिताना जुना आणि नवा दोन्ही आकडे लिहा.

तुमच्या प्रश्नाला उपयोगी गोष्ट एकच. आयोगाच्या काही नोंदींत 'अमक्याचा मुलगा' याऐवजी किंवा त्याच्या जोडीला 'अमकीचा नवरा' असतं. आणि विधवेला पेन्शन होती का? असेल तर ती घ्यायला बाई कुठल्या खजिन्यात किंवा पोस्टात जायची हे घरात कुणाला आठवतं का बघा. विधवा माहेरी राहायला गेली की पेन्शनही तिकडे फिरवून घेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एकदा विचारा, फार आशा न ठेवता.

पंजाबचं नशीब बरं. लाहोरच्या संग्रहालयात तिथल्या गावोगावच्या भरतीच्या नोंदवह्या निघाल्या, तीन लाखांवर शिपायांच्या, आणि त्या आता संगणकावर शोधता येतात. आपल्याकडे गावच्या वेशीला किंवा चावडीला संगमरवरी पाटी असते, 'या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले'. नाव त्यातही नाही.

कोयनाकाठी

सुभेदारसाहेब, तारीख ऑगस्ट १९१६ आहे. आम्ही आजवर 'लढाईत गेले' म्हणत होतो. आईला अजून सांगितलेलं नाही.

पेन्शनचं आईला विचारलं. 'चार-सहा महिन्यांनी आजी साताऱ्याला जायची, येताना भावाकडून तांदूळ आणायची' असं म्हणाली. म्हणजे भाऊ होता!

मराठवाडी बाणा

तुमचं बरंय, मोडीवर भागतंय. आमचं रेकॉर्ड निजामाच्या काळातलं, अर्धं उर्दूत, अर्धं मोडीत, आणि साल फसली, म्हणजे महसुलाचं जुनं साल. माझ्या चुलतभावानं व्हॉट्सअॅपवर टाकलं की आपल्या पूर्वजाची नोंद १३२५ सालची सापडली, देवगिरीच्या यादवांनंतर लगेचची. अख्खं खानदान दोन दिवस हवेत. मी फसलीत ५९० मिळवले तर निघाले १९१५. आजोबांचे वडील होते ते, त्यांचा फोटो हॉलमध्ये लावलेला आहे.

तिखटमीठ

देवगिरीचा हॉल :D

मोडीवेडा

अवांतर पण कामाचं: शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, आणि मोडी कागदावर 'सु||' करून अरबी शब्दांत साल असेल तर ते शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६००. वर्षारंभ वेगवेगळे असल्यानं एखादं वर्ष इकडेतिकडे होतं.

वाकोआची मावशी

मी मॉरिशसहून. माझं मराठी जरा वाकडं आहे, सांभाळून घ्या. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर करारानं आले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये इमिग्रेशनची जुनी रजिस्टरं ठेवलेली आहेत. माझ्या पणजीचा तिथे स्वतःचा नंबर आहे. नवऱ्याचा वेगळा, तिचा वेगळा. तिच्या नंबरापुढे तिच्या बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. काही लोकांचे तर फोटोसुद्धा आहेत, १८६० च्या दशकापासूनचे.

मळेवाल्यांनी हे प्रेमानं नाही लिहिलं. पळून गेली तर धरता यावी म्हणून लिहिलं. पण तुमच्या पणजीचं माहेर मिळत नाही आणि माझ्या मजूर पणजीचं मिळतं, हे वाचून मला कसंतरी झालं.

आमची अडचण उलटी आहे. इथे उतरलेल्या माणसाचं पहिलं नाव पुढे पोरांचं आडनाव होऊन बसलं. त्यामुळे माहेरचं गाव आहे पण त्या गावात कुठलं घर, ते कळत नाही. गावाचं नावही फ्रेंच कानांनी ऐकून इंग्रजीत लिहिलेलं.

अंजनवेल

मावशी, तुमचं मराठी मुळीच वाकडं नाही. गावाचं स्पेलिंग इथे टाका, रत्नागिरीकडचं असेल तर दहा जण ओळखतील.

नावात काय

गोव्याचे ख्रिश्चन शेजारी यात सगळ्यांत नशीबवान. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आईवडील आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. आमच्या शेजारणीनं एका सकाळी बसून पाच पिढ्या काढल्या, पोर्तुगीज येत नसताना.

सदाशिवी

एवढा खटाटोप कशाला? डीएनए टेस्ट करा. आईच्या आईची आई म्हणजे सरळ मातृवंश, मायटोकॉन्ड्रियल डीएनए जसाच्या तसा मिळतो.

विहीरकाठ

@सदाशिवी, त्यातून गावाचं नाव छापून येतं का? मायटोकॉन्ड्रियल हजारो वर्षं तसाच राहतो, त्यातून पणजीच्या भावाचं घर कसं काढणार? जुळणारा नातेवाईक सापडायला त्या नातेवाइकानंही थुंकी पाठवलेली असावी लागते. जावळीत किती जणांनी पाठवली असेल?

तिखटमीठ

तंबाखू खाऊन पाठवली तर चालते का?

गिरणगावकर

आता माझे दोन पैसे. लालबाग-परळला गावाच्या खोल्या असायच्या. एका गावची माणसं मिळून खोली घेत, पाळीपाळीनं झोपत, महिन्याची वर्गणी काढत. त्यांचं 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असे आणि त्यांच्या वर्गणीच्या वह्या असत. गाव धरणात गेलं तरी कित्येक मंडळं अजून चालू आहेत, दरवर्षी सत्यनारायण होतो. सासरच्या गावचं मंडळ शोधा. तिथला एखादा म्हातारा 'ती फलाण्याची बायको, ढमक्या गावची लेक' हे एका दमात सांगेल.

गिरणीच्या मस्टरचा नाद सोडा. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदाच १९५२ चा, त्याआधी गेलेल्या बाईचा कागद गिरणीनं कशाला जपला असेल? महापालिकेच्या मृत्युनोंदीत पत्ता, वय आणि आजार मिळेल. त्यातही ती 'कोम' अमुक, म्हणजे अमक्याची बायकोच असणार.

चुलीपाशी

इतके दिवस नुसती वाचत होते. सगळे सरकारी दप्तरं धुंडाळताय, घरातली ट्रंक कोणी उघडली का?

आहेराची वही बघा. तुमच्या आजीच्या लग्नाची. मुलीच्या लग्नात मामाचा आहेर पहिला, त्याशिवाय पुढचा आहेर होत नाही. वहीत मामाचं नाव, गाव, काय दिलं ते सगळं लिहितात, कारण पुढे त्याच्या घरच्या लग्नात तेवढं परत करायचं असतं. उधारीचा हिशेब असतो तो, म्हणून कोणी टाकून देत नाही. मुलीकडची वही मुलीच्या भावाकडे राहते, म्हणजे तुमच्या आईच्या मामाच्या घरी.

आणि सासरचं देवक माहीत असेल तर तेही लिहून ठेवा. त्याच देवकात मुलगी दिली-घेतली नसणार, तेवढी घरं आपोआप गळतात.

मोडीवेडा

@चुलीपाशी, दंडवत. आजवर किती जणांना रेकॉर्ड रूमची वाट दाखवली असेल, आहेराची वही मला कधी सुचली नाही. वाचनखूण साठवली.

अंजनवेल

आमच्याकडे आहेराच्या वह्या गणपतीच्या सामानाच्या पेटीत आहेत. आजच बघते.

मराठवाडी बाणा

आमच्या वहीत समोरच्यानं सव्वा रुपया दिला होता, तर आमच्या आजोबांनी दहा वर्षांनी त्यांच्याकडे बरोबर सव्वाच दिला. पोरगा तहसीलदार झाला तरी सव्वाच.

कोयनाकाठी

मंडळी, वही मिळाली!!

आईच्या मामाच्या नातवाकडे, वसईला. तांबड्या कापडात बांधलेली, वर शके १८५३ वैशाख, म्हणजे १९३१. आजीचंच लग्न. पूर्ण मोडीत आहे. @मोडीवेडा यांना फोटो व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवला होता, त्यांनी रात्रीत वाचून दिला. पहिली ओळ अशी: 'मामा सखाराम बिन बाळू, रा. आंबेघर. लुगडे १, चोळी १, रोख रुपये २.'

म्हणजे पणजीच्या वडिलांचं नाव बाळू आणि गाव आंबेघर. आडनाव लिहिलेलं नाही, घरच्या माणसाचं कोण लिहितं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "सखारामाप्पा! तांदूळ आणायचे ते." हे नाव तिनं आजवर एकदाही घेतलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं म्हणे.

मोडीवेडा

अक्षर झकास होतं, कुलकर्ण्यानं लिहिलेलं वाटतं. पण ताई, अजून पेढे वाटू नका. आंबेघर एक नाही. जावळीत आंबेघर तर्फ मेढा आहे, पाटण तालुक्यात आंबेघर तर्फ मरळी आहे (२०२१ च्या जुलैत दरड कोसळली ते), आणि भोरमध्येही एक आंबेघर आहे.

निवृत्त सुभेदार

पेन्शन साताऱ्याला होती, येताना तांदूळ आणायची. भोर बाद.

पाटाचं पाणी

बाद कसं? बाई हौसेनं वाट वाकडी करून माहेरी जातीच की.

गिरणगावकर

चालत जाऊन दिवसात पोचता येईल एवढ्या टप्प्यात सोयरीक व्हायची. सासर जावळीत, तर मेढ्याकडचं आधी बघा. नदीपल्याड म्हणजे कुठली नदी एवढंच आईंना परत विचारा, कोयना की वेण्णा.

कोयनाकाठी

विचारलं. 'नदी ती नदी, तिला नाव कशाला' असं उत्तर मिळालं.

विहीरकाठ

हाहा. मग दोन्ही आंबेघरांचा नमुना १४ बघा. १८९० ते १९०० दरम्यान बाळूला झालेली मुलगी आणि सखाराम नावाचा मुलगा, दोघं एकाच घरात मिळाले पाहिजेत. आणि कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून तालुक्यांचं जुनं दप्तर स्कॅन होतंय, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर याद्या टाकल्यात. सगळं गाव नाही मिळणार, पण घरबसल्या सुरुवात तिथून करा.

मोडीवेडा

स्कॅन उतरवून मला पाठवा, मी वाचून देतो. फक्त एक. बाळू नावाची माणसं त्या काळात गावागणिक पाच-सहा असत. सखारामाच्या पुढच्या पिढीचं एखादं नाव आईंना आठवतंय का बघा, फेरफाराला उलटीकडून जाता येईल.

कोयनाकाठी

आठवतंय. सखारामाप्पांचा मुलगा पोलिसात होता आणि त्याच्या लग्नाला आई लहानपणी गेली होती, बैलगाडीनं. मेढ्याला एसटी... म्हणजे तेव्हाची सर्व्हिस मोटर, ती बदलून. मेढ्याला!

चुलीपाशी

त्या लग्नात तुमच्या पणजीनं काय आहेर केला ते आता त्यांच्या वहीत असणार. मेढ्याकडची मंडळी सापडली की आधी ट्रंक उघडायला सांगा, तहसीलला नंतर जा.

तिखटमीठ

आणि दोन रुपये, लुगडं, चोळी फिटलंय का तेही बघून घ्या. नाहीतर व्याज लावतील.